लागलं नाही, तरी दुखतं : बालभारतीला खुलं पत्र

प्रति,
मा. संचालक आणि विज्ञान विषय समितीचे सदस्य,
बालभारती, सेनापती बापट मार्ग, पुणे.

विषय : विज्ञानाच्या पुस्तकात वेदनेसाठी दोन पानं मिळावीत, याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

गेली २२ वर्षं मी पुण्यातल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. म्हणजे २२ वर्षं तुमच्याच पुस्तकांवर माझं पोट आहे. या पत्रात तक्रार तुमची नाही. झालीच तर माझी स्वतःची आहे आणि ती पुढे येईलच. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पुस्तकं पुन्हा लिहिली जात आहेत. कुठला धडा ठेवायचा, कुठला गाळायचा यावर खल चालू असणार. तेवढ्यात आपली दोन पानांची मागणी पुढे सरकवावी, म्हणून लिहिते आहे.

सुरुवात घरापासून करते.

माझा मुलगा सहावीत गेला त्या जूनमध्ये त्याचं पोट दुखायला लागलं. बेंबीभोवती, सकाळी, साधारण डबा भरून होईपर्यंत. आधी ओवा-मीठ झालं, मग हिंगाचा लेप, मग जंताचं औषध, मग सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. जुलैअखेर सोनोग्राफी झाली. रिपोर्ट मी रिक्षातच उघडला. शेवटून दुसऱ्या ओळीत ‘मेसेंटेरिक लिम्फ नोड्स’ असे शब्द होते. नोड म्हणजे गाठ, एवढं मला येतं. दांडेकर पुलापासून घरापर्यंतच्या दहा मिनिटांत मी टीबीपासून कॅन्सरपर्यंत सगळीकडे जाऊन आले. (मुलांच्या पोटात अशा बारीक ग्रंथी सोनोग्राफीत सर्रास दिसतात आणि बहुतेक वेळा त्यात काही विशेष नसतं, हे मला पुढे कळलं. रिपोर्टखाली एवढी एक ओळ मराठीत छापली, तर पुण्यातले किती रिक्षाप्रवास सुखाचे होतील!)

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, रक्ताचे कागद चाळले आणि म्हणाले, “काही नाही. सगळं नॉर्मल आहे.” त्यांच्या दृष्टीने ती आनंदाची बातमी होती. पण ‘काही नाही’ हे दोन शब्द घरी पोचेपर्यंत भलतेच झाले. आजोबा म्हणाले, शाळा नकोय त्याला. नवरा म्हणाला, नाटकं आहेत. आणि मी, विज्ञानाची बाई, म्हणाले, “अरे, मनाचे खेळ असतात असे.” त्या रात्री भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या मुलाने विचारलं, “मग मी खोटं बोलतोय का?”

ऑगस्टमध्ये कुणीतरी सुचवलं म्हणून दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. वयस्क गृहस्थ, पावणेदोन तास बाहेर बसवलं. आत गेल्यावर मात्र माझ्याकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही. पोट तपासलं, वजन-उंची पाहिली आणि मुलालाच विचारलं, “कुठे पडलाबिडलास का? लागलंय?”

“नाही.”

“पण दुखतंय?”

“हो.”

“बरोबर. लागलेलं काही नाही आणि दुखतंय. दोन्ही खरं आहे.”

मुलगा एकदम ताठ बसला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्याला मोठ्या माणसाने खरं म्हटलं होतं.

मग डॉक्टरांनी विचारलं, “तुमच्या सोसायटीत चोरी झाली कधी?” झाली होती, दोन सायकली गेल्या होत्या. “त्यानंतर वॉचमन काय करतो?” मुलगा म्हणाला, “मांजर आलं तरी शिट्टी मारतो.” मे महिन्यात एका लग्नातलं जेवण बाधून याला चांगले चार दिवस जुलाब झाले होते. ते बरे झाले, पण आतड्यातल्या नसांचा वॉचमन अजून जागाच होता. साधा वायू सरकला, आतडं थोडं ताणलं, तरी शिट्टी. शिट्टी खरी असते आणि ऐकू येते, पण चोर आलेला नसतो. आपल्याकडे दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. मेंदू-मज्जासंस्थेचं हे वागणं त्या म्हणीत चपखल बसलंय.

घरी येताना माझ्या डोक्यात त्यांचे दोनच शब्द घोळत होते. लागणं आणि दुखणं.

मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत, हे मी जन्मभर बोलूनही कधी ऐकलं नव्हतं. गुडघ्याला लागतं, म्हणजे कातडं सोलवटतं, रक्त येतं, दुसऱ्याला दिसतं. दुखतं ते फक्त ज्याचं त्याला कळतं. वेदनेवर संशोधन करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली केलेली वेदनेची व्याख्या २०२० मध्ये सुधारून घेतली आणि तिला टिपा जोडल्या. इजेची खबर नसांमधून जाणं ही एक गोष्ट आणि वेदना ही दुसरी, वेदना हा नेहमीच ज्याचा त्याचा अनुभव असतो, आणि माणूस दुखतंय म्हणाला की त्याच्या म्हणण्याचा मान राखावा, असं त्या टिपा सांगतात. आपल्या आज्या ‘लागलं का रे?’ आणि ‘दुखतंय का रे?’ हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारतात, त्यात निम्मी व्याख्या आलीच की.

आता आपल्या वर्गातल्या फळ्याकडे येते. प्रतिक्षिप्त क्रिया आपण शिकवतो. गरम तव्याला बोट लागलं, संदेश चेतातंतूतून मेरुरज्जूत गेला, तिथून स्नायूला हुकूम सुटला, हात मागे आला. बाण काढायचे, नावं द्यायची, गुण दोन. त्या आकृतीत ‘आई गं!’ कुठेच नाही. हात मागे येतो तेव्हा अजून दुखलेलं नसतं, दुखणं मागून येतं, आणि नेमकं तिथेच आपण फळा पुसतो. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या १६६४ साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापल्या गेलेल्या ग्रंथात असंच एक चित्र आहे : विस्तवाजवळ पाय नेलेला मुलगा आणि पायापासून डोक्यापर्यंत ताणलेली एक दोरी. खाली ओढली की वर घंटा वाजते. जितकं लागलं तितकंच दुखलं, असा हिशेब. आपल्या घरांमध्ये आणि शिक्षकखोल्यांमध्ये तोच हिशेब अजून चालतो. रिपोर्टमध्ये दोरी दिसली नाही, तर घंटा वाजलीच नाही, म्हणजे पोरगं खोटारडं.

दोरीचा हिशेब चुकतो हे पुण्यातल्या मुलांना शिकवायला लांब जायला नको. माझ्या दहावीच्या वर्गात दरवर्षी तिघं-चौघं ढोल-ताशा पथकातले असतात. विसर्जनाला लक्ष्मी रोडवर पाच-सहा तास ढोल कमरेला बांधून वाजवतात. बोटं सोलवटतात, पट्ट्याने कंबर काचते. “तेव्हा काही नाही वाटत, बाई. घरी येऊन हाताला साबण लावला की मग कळतं.” म्हणजे लागलंय, पण दुखत नाहीये. आणि उलट बाजूला १९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलेला तो बांधकाम कामगार. २९ वर्षांचा माणूस, उडी मारली ती १५ सेंटिमीटरच्या खिळ्यावर. खिळा बुटातून आरपार वर आलेला. इतकं दुखत होतं की खिळा जरा हलला तरी सहन होईना, जबर गुंगीचं औषध देऊन तो काढावा लागला. बूट उतरवला तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला, पायाला ओरखडासुद्धा नाही! ही गोष्ट सांगितली की वर्गात आधी हशा पिकतो आणि मग मी विचारते, “तो नाटक करत होता का?” वर्ग गप्प होतो. करत नव्हता, हे त्यांना लगेच कळतं. मोठ्यांना कळायला वेळ लागतो.

मेंदू काय करतो ते यातून मुलांना पकडता येतं. खालून आलेली खबर, डोळ्यांना दिसलेलं, आधीची आठवण, आत्ताची भीती, आजूबाजूची माणसं, हे सगळं जमेला धरून धोका किती याचा तो अंदाज बांधतो. मिरवणुकीत धोका कमी वाटला, खिळ्याच्या वेळी भरपूर. मेंदूत वेदनेची अशी एकच ठरावीक खोलीही नाही, अनेक भाग मिळून हे काम करतात.

आणि खबर पोचायलाही वेळ लागतो, हे तर प्रयोग करून दाखवण्यासारखं आहे. पलंगाच्या पायाला करंगळी आपटल्यावर आधी एक तीक्ष्ण चमक येते आणि मग क्षणभराने ती खोल, दळदार कळ. दोन वेगळ्या तारा आहेत. पहिली सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने धावते, दुसरी जेमतेम अर्धा ते दोन मीटर. करंगळीपासून डोक्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि भागाकार करायचा. माझ्या वर्गाने केला. एरवी गणिताला पाय मागे घेणारी दोन पोरं तेव्हा खडू मागत होती.

फुंकरीचंही तसंच. पडलेल्या पोराला आई जवळ घेते, दुखऱ्या जागेच्या बाजूने चोळते, फुंकर घालते. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूत एक प्रकारचं दार असतं. स्पर्शाच्या जाड तारांमधून संदेश आले की ते दार थोडं लोटलं जातं आणि वेदनेची खबर वर कमी जाते. पुढे त्यातले तपशील बदलले, पण मूळ गोष्ट टिकली. म्हणजे आईची फुंकर फक्त मायेचा भाग नाही. ‘मुंगी मेली बघ!’ म्हणणंही वाईट नाही, लक्ष दुसरीकडे जातं. जमिनीला धपाटा मारण्याबद्दल मात्र माझं मत राखून ठेवते. बिचाऱ्या जमिनीचा काय दोष?

मिरची तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. ठेचा खाल्ल्यावर तोंडाची आग होते, म्हणजे तोंड भाजलेलं नसतं. साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखणारं जे दार नसेच्या टोकाशी असतं, तेच मिरचीतलं कॅप्सेसिन उघडतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ते १९९७ मध्ये शोधलं आणि त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. मग पोपट मिरची कशी खातो? पक्ष्यांच्या दाराला ही किल्ली लागतच नाही. हे सांगितलं त्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगी पळत आली, “बाई, म्हणजे पोपटाला लागत नाही म्हणून तो शूर नाही ना?” मी तिला कागदावर ते वाक्य लिहून द्यायला सांगितलं. अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

वेदना मुळात नसती तर बरं झालं असतं, असं मुलं हमखास म्हणतात. तेव्हा कुष्ठरोगाचा दाखला द्यावा. १९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी पाहिलं की रुग्णांची बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत. नसा बधिर झाल्याने भाजलेलं, कापलेलं, घासलेलं कळत नाही आणि जखमांवर जखमा होऊन बोटं जातात. वॉचमन पार झोपला तर काय होतं, ते एवढ्यावरून कळतं.

आता माझी तक्रार, म्हणजे माझ्याबद्दलची.

माझा मुलगा आजारी पडण्याच्या बऱ्याच आधी सातवीत एक मुलगी होती. दर सोमवारी, दुसऱ्या तासाला, पोट धरून उभी राहायची. तिसऱ्या-चौथ्या वेळी मी म्हणाले, “आली का सोमवारची पाहुणी?” वर्ग हसला. पुढच्या सोमवारी ती उभी राहिली नाही. बाकावर डोकं टेकून बसली, आणि मला वाटलं, बघा, लागली लाइनीवर. सोमवारी काय असतं, रविवारी घरी काय होतं, हे मी कधी विचारलं नाही. आज ती एका बँकेत आहे, नेमकं माझं खातं आहे त्याच शाखेत. तिच्या खिडकीवर माझा नंबर आला की मी पासबुक भरायचं निमित्त करून मशीनकडे जाते.

१९५८ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅप्ली आणि नेश यांनी १००० शाळकरी मुलांची पाहणी केली. साधारण दहातल्या एकाला वारंवार पोट दुखण्याचा त्रास होता आणि अशा बहुतेक मुलांच्या शरीरात कुठे बिघाड सापडत नव्हता. म्हणजे माझ्या पन्नासच्या वर्गात पाच. भीती आणि आतडं यांचं नातं ‘पोटात गोळा आला’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला समजावून सांगायची गरज पडू नये. पण तो गोळा खराच आतड्यात येतो, म्हण म्हणून येत नाही, हे मला तेव्हा कुणी शिकवलेलं नव्हतं.

मुलाचं पुढे काय झालं, ते थोडक्यात. औषध जवळपास काही नव्हतं. शाळा बुडवायची नाही, हवं तर पहिले दोन तास करून घरी यायचं. दुखायला लागलं की पोट फुगवत सावकाश श्वास घ्यायचा. आणि मला वेगळी तंबी मिळाली, “रोज सकाळी ‘आज दुखतंय का?’ विचारायचं बंद करा.” हे मला सगळ्यात जड गेलं. पुढे वाचलं की २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, पोट दुखणाऱ्या मुलांच्या आयांनी दुखण्याकडे लक्ष दिलं तेव्हा मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या, आणि आयांनी विषय बदलला तेव्हा कमी झाल्या. गंमत म्हणजे विषय बदलणं मुलांना वाईट जाईल, असं आयांनाच वाटत होतं. मी विचारणं थांबवलं. म्हणजे तोंडाने थांबवलं. डबा भरताना त्याच्या चेहऱ्याकडे चोरून बघणं दिवाळीपर्यंत चालूच होतं, आणि त्याला ते कळत होतं. दिवाळीनंतर कधीतरी लक्षात आलं की आठवडाभर विषयच निघाला नाही.

आता लस. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस द्यायला शाळेत पथक येतं. गेल्या खेपेला व्हरांड्यात रांग लावली होती, सगळ्यांची तोंडं सुईकडे. पहिला मुलगा किंचाळला आणि ते किंचाळणं रांगेतून शेवटच्या मुलापर्यंत गेलं. आम्ही शिक्षक धीर देत होतो, “काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल, घाबरू नका.” घाबरू नका म्हटलं की घाबरायचं असतं, हे पोरांना बरोबर कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली यावर मार्गदर्शन दिलेलं आहे : टोचणाऱ्याने शांत आणि साधे शब्द वापरावेत, खोटा धीर देऊ नये, लहानग्यांना पालकाने मांडीवर धरावं, तान्ह्यांना शक्य असेल तर अंगावर पाजतच टोचावं, मोठ्या मुलांना बसवून, आणि एकाच वेळी जास्त लसी असतील तर सगळ्यात दुखरी शेवटी. जगात सर्वाधिक डोस बनवणारी लस कंपनी १९६६ पासून आपल्या पुण्यात, हडपसरच्या बाजूला आहे. लस इथून साऱ्या जगात जाते. ती घेताना पोराला कसं धरायचं, हे मात्र पुण्यातल्या आईबापांना कुणी सांगत नाही. यात पैसा लागत नाही. रांग उलट्या तोंडाने लावायला तर मुळीच नाही.

तान्ह्या बाळांचा विषय निघालाच आहे तर एक नोंद. १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांना नीट वेदना होतच नाहीत असं मानून त्यांच्यावर नाममात्र भूल देऊन शस्त्रक्रिया व्हायच्या. ते मोडीत काढण्यात मूळचे भारतीय असलेल्या डॉ. के. जे. एस. आनंद यांच्या १९८७ च्या संशोधनाचा मोठा वाटा आहे. पूर्ण भूल दिलेली बाळं शस्त्रक्रियेतून अधिक चांगली सावरतात, हे त्यांनी दाखवलं. ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं नाही, असं शिकलेसवरलेले डॉक्टर इतकी वर्षं मानत होते, तर माझ्यासारख्या शिक्षिकेचं काय घेऊन बसलात.

या पानांवर आणखी दोन गोष्टी हव्यात, आणि त्यांवरून समितीत खळखळ होणार हे मी धरून चालले आहे. पहिली, मुलींची पाळी. गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्यांनी स्नायू आवळतात, म्हणून ओटीपोट दुखतं, हे सरळ लिहावं. ‘सगळ्यांनाच होतं’ हे उत्तर नाही. ज्या मुलीची दर महिन्याला शाळा बुडते, तिला डॉक्टरांकडे न्यायला हवं. दुसरी, मुलगे. वृषणाला पीळ बसला तर साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते, नाहीतर तो गमावण्याची वेळ येते. आणि पोरं लाजेपायी ‘पोट दुखतंय’ म्हणतात. नववीच्या पुस्तकात ही एक ओळ असती, तर लाजेच्या वर जाऊन बोलायला कुणाला तरी शब्द मिळाले असते.

यातून कुणी असा अर्थ काढू नये की पोट दुखलं की वॉचमनची गोष्ट सांगून गप्प बसावं. झोपेतून उठवणारं दुखणं, उतरणारं वजन, थांबलेली उंची, शौचातून रक्त, थांबत नसलेल्या उलट्या, ताप, बेंबीकडून उजवीकडे खाली सरकलेलं दुखणं, यातलं काहीही असलं की आधी डॉक्टर. ही यादी चौकटीत, ठळक छापावी.

राहिले शब्द. मेलझॅक यांनीच १९७५ मध्ये वेदना सांगण्यासाठी ७८ शब्दांची एक प्रश्नावली तयार केली, कारण दुखणं कसं आहे यावरून ते कशाचं आहे याचा माग लागतो. मी आठवीच्या वर्गाला सांगितलं, घरी विचारून दुखण्याचे शब्द आणा. पहिल्या दिवशी आठ आले. मग वेल्ह्याकडच्या एका मुलाने आजीला फोन लावला आणि फळा भरला. गळू ठुसठुसतं, दाढ ठणकते, खरचटलेलं चुरचुरतं, पोट मुरडतं, छातीत चमक निघते, हिसका बसला की पाठीत उसण भरते, पोटरीत वांब येतो, खूप वेळ उभं राहिलं की पायाला रग लागते, काटा मोडून आत राहिला की सलतो. एकेचाळीसवर थांबलो, कारण घंटा झाली. त्यानंतर त्या वर्गातली मुलं माझ्याकडे येऊन नुसतं ‘दुखतंय’ म्हणत नाहीत. परवा एकाने सांगितलं, “बाई, कळ येते आणि जाते, मुरडल्यासारखं.” मी त्याला आधी स्वच्छतागृहात पाठवलं. निदान बरोबर निघालं.

तर मागणी एवढीच आहे. पाचवीच्या आसपास एक पान : लागणं-दुखणं, फुंकर, पोपट, दुखण्याचे शब्द. नववीत, प्रतिक्षिप्त क्रियेच्या लगेच पुढे, दुसरं पान : दोन वेगांच्या तारा, मेरुरज्जूतलं दार, जास्त जागा झालेला वॉचमन, आणि वर सांगितलेली चौकट. प्रश्न दोन गुणांचे विचारले तरी चालतील, पण ‘वेदनेची व्याख्या लिहा’ असा विचारू नका. ‘खिळा लागला नव्हता, तरी तो का ओरडला?’ असा विचारा. आणि पुस्तकाला वेळ लागणार असेल, तर १९७१ पासून तुमचाच ‘किशोर’ मुलांच्या हातात जातोय. त्यात जागा द्या. पुस्तक एकवेळ मुलं परीक्षेपुरतं वाचतील, ‘किशोर’ घरी आईबापही चाळतात, आणि ‘काही नाही’चा अर्थ घरीच जास्त बिघडतो.

दोन पानांचा कच्चा खर्डा सोबत जोडला आहे. भाषा हवी तशी बदला. चित्रं मुलाने काढली आहेत. त्यातल्या वॉचमनच्या हातात काठी नसून मोबाइल आहे आणि तो मांजराकडे न बघता मोबाइलमध्ये बघतोय, कारण आता तो शांत झालाय, असं चित्रकाराचं म्हणणं आहे. तेवढं मात्र बदलू नये, ही त्याची विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका,
पुणे